पर्वतीची पहिली पायरी

पर्वतीच्या पायऱ्या नेमक्या किती, यावर पुण्यात कधी एकमत व्हायचं नाही. पुस्तकी उत्तर १०३ आहे. लहानपणी मी मोजल्या तेव्हा एकदा ९८ भरल्या आणि एकदा १०८. १०८ आवडणारे लोक पुष्कळ, कारण जपमाळेचे मणी तेवढेच. मधला रुंद टप्पा पायरी म्हणून धरायचा का, खाली रस्त्याकडेचा दगड मोजायचा का, आणि दम खायला थांबल्यावर शेजारच्याशी गप्पा सुरू झाल्या की आकडा कुठे सांडतो, हे सगळं ज्याचं त्याचं. पायाखालचा दगड जिथं माणसागणिक वेगळा मोजला जातो, तिथं टेकडीचा इतिहास सगळ्यांचा सारखा भरेल अशी अपेक्षा मी करत नाही. मोजणी सुरू कुठून करायची, हा माझा मुद्दा आहे. आपण पर्वतीचा इतिहास वरून मोजतो, देवळाच्या कळसापासून. पायथ्याशी पोचेपर्यंत ऐकणाऱ्याला भूक लागलेली असते आणि सारसबागेजवळची भेळ खुणावत असते.

हल्ली जुन्या वास्तूंबद्दल बोलणाऱ्यांत दोन घराणी झाली आहेत. एक घराणं ऐकलं ते पुढं ढकलतं. भुयार, गुप्त खजिना, शाप, सगळं खरं. दुसरं घराणं पुराव्याचं. त्यांना अस्सल पत्र लागतं, नाहीतर ते ‘दंतकथा!’ म्हणून हात झटकतात. पहिल्यांचा मला कंटाळा येतो. दुसऱ्यांबद्दल आदर आहे, पण पर्वतीपुरतं त्यांच्याशी माझं जमत नाही. माझा अनुभव असा, की दंतकथा झटकली की तिच्याबरोबर एखादा असा माणूस झटकला जातो, ज्याची नोंद दुसरीकडे कुठे नसते.

काशीबाईंची गोष्ट घ्या. ती सगळ्यांना पाठ आहे. थोरल्या बाजीरावांच्या पत्नी, नानासाहेबांच्या मातोश्री काशीबाई यांना पायाचं दुखणं होतं. औषधपाणी झालं, गुण येईना. कुणीतरी सांगितलं की पुण्याच्या दक्षिणेला तावरे पाटलांची टेकडी आहे, वर देवीचं जागृत ठाणं आहे, नवसाला पावते. काशीबाईंनी नवस केला, पाय बरा झाला, आणि मग नानासाहेबांनी टेकडीवर देवदेवेश्वराचं मंदिर उभं केलं. मंदिर झालं १७४९ मध्ये. पुराव्याच्या घराण्यातला माणूस इथं विचारेल की नवसाचा कागद कुठे आहे. प्रश्न रास्त आहे. पण मला या गोष्टीतलं दुसरंच काही महत्त्वाचं वाटतं. ही गोष्ट पेशव्यांचं कौतुक करायला सांगितली जाते, आणि सांगता सांगता कबूल करून टाकते की पेशवे येण्याआधी टेकडीला मालक होता आणि टेकडीवर देव होता. मालक गावचा पाटील आणि देव गावाचा. राज्य चालवणाऱ्या घरातली बाई दुखणं घेऊन त्या गावदेवीच्या दारी गेली, असं गोष्ट म्हणते. वर पंचायतन आलं, देवदेवेश्वर आला, विष्णू आला, कार्तिकेय आला, तरी टेकडीचं नाव पर्वतीच राहिलं. शनिवारवाड्याच्या बाजूने पाहिलं तर टेकडी १७४९ मध्ये सुरू होते. दंतकथेच्या बाजूने पाहिलं तर ती त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेली आहे. ज्यांच्या पदरी लिहिणारे कारकून होते त्यांच्या गोष्टी कागदावर राहिल्या, बाकीच्यांच्या तोंडी राहिल्या. तावऱ्यांचं नाव आज अरण्येश्वराच्या अंगाला तावरे कॉलनी म्हणून ऐकू येतं. तिथं घरं बघायला येणाऱ्याला त्या नावामागे टेकडी आहे, हे कुणी सांगत नाही.

पुण्याचं वय मोजतानाही आपण हेच करतो. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या ७५८ आणि ७६८ च्या ताम्रपटांत पुण्याचा उल्लेख ‘पुण्य’, ‘पूनक’ असा येतो. पाताळेश्वराचं लेणं साधारण त्याच शतकातलं. म्हणजे शनिवारवाड्याची पायाभरणी झाली तेव्हा या गावाचं नाव हजारेक वर्षांचं जुनं होतं. पण ‘ऐतिहासिक पुणे’ म्हटलं की डोळ्यांसमोर येतात त्या पेशवाईच्या शेवटच्या शंभर वर्षांतल्या गोष्टी. पर्वती या सवयीची सगळ्यात उंच खूण आहे, एवढंच.

भुयाराबद्दल थोडं बोललं पाहिजे, नाहीतर वाचक चुकल्यासारखं करतील. शनिवारवाड्यापासून पर्वतीपर्यंत भुयार होतं आणि पेशवे त्यातून घोड्यावरून जात, असं मला शाळेत असताना तीन वेगवेगळ्या मुलांनी सांगितलं होतं. तिघांचेही काका त्यात उतरून आलेले. काळ्या कातळातून, आंबिल ओढ्याच्या पाणथळ भागाखालून तेवढं लांब भुयार खोदायला ज्यांना जमलं असतं, त्यांना खडकीची लढाई जड जायला नको होती. माझा एक अंदाज आहे, अंदाजच. नानासाहेबांच्या काळात कात्रजच्या तलावातून शहरात पाणी आणलं गेलं. जमिनीखालून बांधीव नळ, मध्ये मध्ये हवा आणि गाळासाठी उच्छ्वास, आणि शेवटी शहरातले हौद. काळा हौद, बदामी हौद ही नावं अजून पत्त्यात आहेत. माणूस वाकून जाऊ शकेल एवढा तो नळ. रस्त्याच्या किंवा घराच्या खोदाईत तो कुठे उघडा पडला असेल, कुणी आत डोकावलं असेल, आणि पाण्याच्या वाटेवर घोडे धावू लागले असतील. खरी गंमत इथं आहे. अडीचशेपेक्षा जास्त वर्षांपूर्वी डोंगरातलं पाणी उतारावर खेळवत पेठांमध्ये आणलं, ही भुयारापेक्षा मोठी करामत. पण भुयाराने तिची जागा अडवली आहे. दंतकथेबद्दल माझी तक्रार असेल तर ती ही. ती खोटी असते याचं मला फारसं वाटत नाही. ती ऐसपैस बसते आणि बाकीच्यांना उभंही राहू देत नाही.

अर्थात कधी कधी खोट्या गोष्टीचाही उपयोग होतो. शाहिस्तेखानाची बोटं तोडून महाराज सिंहगडाकडे निघाले तेव्हा बैलांच्या शिंगांना पलिते बांधून कात्रजच्या घाटात सोडले, अशी गोष्ट आहे. ती खरी की नाही यावर विद्वान भांडोत, ‘कात्रजचा घाट दाखवणे’ मराठी माणसाला रोज लागतं. भाषेत गेलेल्या गोष्टीला पुरावा कोण मागतो?

नानासाहेबांचा मृत्यू मात्र दंतकथा नाही. १४ जानेवारी १७६१, पानिपत. दोन मोती गळाल्याचा निरोप. थोरला मुलगा विश्वासराव आणि चुलतभाऊ सदाशिवरावभाऊ दोघे गेले. नानासाहेब खचले ते पुन्हा उभे राहिले नाहीत. २३ जून १७६१ रोजी ते पर्वतीवरच वारले. आईच्या बऱ्या झालेल्या पायासाठी बांधलेल्या टेकडीवर मुलगा मरायला आला, असं कुणी कादंबरीकार लिहील. मी एवढंच म्हणेन की हे दुःख पुणेकरांनी मनापासून जपलं आहे. पानिपताबद्दल बोलताना आजही आवाज खाली येतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं मला तिचा उपयोग आहे.

टेकडीवरून आता पायथ्याशी येऊ, कारण पेशवाईतलं पर्वतीचं खरं राजकारण खाली चालायचं. पायथ्याशी रमणा होता, भिंतींनी बंदिस्त केलेलं मोठं आवार. रमणा गणपती हे नाव अजून त्याची आठवण ठेवून आहे. श्रावणात तिथं दक्षिणा वाटली जायची. प्रथा मुळात पेशव्यांची नव्हे. ती तळेगावला सेनापती खंडेराव दाभाड्यांनी सुरू केली. पुढं दाभाडे आणि पेशवे यांचं वैर डभईच्या लढाईत तुटेपर्यंत ताणलं, १७३१ मध्ये त्रिंबकराव दाभाडे पडले, आणि दक्षिणेचा मान पुण्याकडे आला. काशी-रामेश्वरापासून ब्राह्मण येत, विद्वानांची परीक्षा होई, बाकीच्यांना सरसकट नाणी मिळत. विद्येला राजाश्रय म्हणून या प्रथेचं कौतुक करता येतं, आणि राज्याच्या तिजोरीतला पैसा एकाच जातीच्या ओंजळीत जात होता म्हणून तिच्यावर टीकाही. दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही एकाच आवारात घडत होतं.

पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी दक्षिणा एका फटक्यात बंद केली नाही. एल्फिन्स्टन धूर्त माणूस. त्याने वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंतचा खर्च चालू ठेवला आणि त्यातूनच १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. डेक्कन कॉलेजचं मूळ तिथलं. १८४९ मध्ये लोकहितवादी गोपाळराव हरी देशमुख आणि त्यांच्यासारख्या काही सुधारकांनी अर्ज केला की हा पैसा मराठीत चांगले ग्रंथ लिहिणाऱ्यांना द्यावा आणि त्यात जात पाहू नये. शहरात गहजब झाला. अर्ज देणाऱ्यांना मार पडू नये म्हणून जोतीराव फुल्यांनी माणसं उभी केली, असं सांगतात. म्हणजे मराठी पुस्तकांना सरकारी पैसा मिळावा की नाही, या वादाचं एक टोक पर्वतीच्या पायथ्याशी श्रावणात वाटल्या जाणाऱ्या नाण्यांपर्यंत जातं. पर्वती दाखवताना हे सांगायला दहा मिनिटं पुरतील. कोण सांगतं? वर जायची घाई असते, खिडकी बघायची असते.

तर खिडकी. ५ नोव्हेंबर १८१७. खडकीला इंग्रजांशी लढाई लागली, सैन्याचं नेतृत्व बापू गोखल्यांकडे, आणि दुसरा बाजीराव पर्वतीवर. ‘इथं उभं राहून त्याने आपलं राज्य बुडताना पाहिलं’ असं वर नेऊन प्रत्येक पाहुण्याला सांगितलं जातं. मीही सांगितलेलं आहे. पाहुणा उत्तरेकडे बघतो, इमारतींच्या गर्दीत खडकी कुठे असेल ते शोधतो आणि मान हलवतो. बाजीराव पर्वतीवर होता हे खरं. पण गणेशखिंड-खडकीचं मैदान इथून सरळ रेषेत सहा किलोमीटरच्या आसपास आहे. दिसला असेल तो धूर आणि धूळ, ऐकू आल्या असतील त्या तोफा. शिवाय राज्य त्या दिवशी बुडलं नाही. पुढं येरवड्याच्या बाजूला चकमक झाली, १६ नोव्हेंबरला बाजीराव पुणं सोडून गेला, १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं. ते चढवायला बाळाजीपंत नातू पुढं होता. त्याच्याही मागे जायचं तर ३१ डिसेंबर १८०२ चा वसईचा तह आहे, ज्यात इंग्रजी फौज पदरी घेऊन बाजीरावाने राज्याची किल्ली आधीच देऊन टाकली होती.

मग आपल्याला खिडकी एवढी का आवडते? कारण तिच्यात एकच माणूस दोषी आहे. भित्रा पेशवा वरून बघत राहिला, म्हणून गेलं. सरदार एकमेकांचे पाय ओढत होते, मुलखातला रयत मक्तेदारांनी पिळलेला होता, पगार न मिळालेली फौज होती, ज्यांना वाड्याच्या वाटेवर मान खाली घालून चालावं लागे अशी माणसं होती. हे सगळं त्या खिडकीच्या चौकटीबाहेर राहतं. चौकट छोटी आहे आणि सोयीची आहे. कोरेगावची लढाई दोनच महिन्यांत, १ जानेवारी १८१८ ला झाली. तिथं कंपनीच्या बाजूने कोण लढलं आणि का, हा प्रश्न पर्वतीच्या खिडकीतून दिसतच नाही.

आणि आता मला जे सांगायचं आहे ते.

१३ ऑक्टोबर १९२९ ला याच पायऱ्या चढून काही माणसं देवदेवेश्वराच्या दर्शनाला निघाली. त्यांना देवळात प्रवेश नव्हता. अस्पृश्य म्हणून. पुढाकार पुण्यातल्या दलित कार्यकर्त्यांचा. शिवराम जानबा कांबळे त्यांत होते. हे काही त्या दिवशी जागे झालेले गृहस्थ नव्हेत. १९०८ मध्ये पुण्यात ‘सोमवंशीय मित्र’ हे मासिक सुरू करणारे, महारांना लष्करात पुन्हा घ्या म्हणून सरकारकडे अर्ज करणारे, कोरेगावच्या जयस्तंभापाशी सभा भरवणारे. पां. ना. राजभोज होते, जे पुढं सोलापुरातून लोकसभेत गेले. त्यांच्या बाजूने उभे राहिलेल्यांत काकासाहेब गाडगीळ होते, तरुण एस. एम. जोशी होते. देवळाची दारं लावून घेतली गेली. जमाव जमला. दगड आले. राजभोज जखमी झाले, त्यांना इस्पितळात न्यावं लागलं. गाडगिळांनाही जमावाने सोडलं नाही. मुंबईहून डॉ. आंबेडकरांनी पाठिंबा दिला. सत्याग्रह जानेवारी १९३० पर्यंत चालला. दार उघडलं नाही.

तारखा शेजारी ठेवून बघा. महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह मार्च १९२७ चा. नाशिकचा काळाराम मंदिराचा २ मार्च १९३० ला सुरू झाला. पर्वती या दोन्हींच्या मध्ये आहे, काळारामाच्या आधी साडेचार महिने. महाड आणि नाशिक मला शाळेत शिकवले, परीक्षेत त्यावर टिपा लिहिल्या. पर्वतीचा सत्याग्रह मला माहीत झाला तो वयाच्या तिशीनंतर, एका ज्येष्ठ समाजवादी कार्यकर्त्याच्या बोलण्यातून, तेही चहा पिताना ओघात. तोवर मी निदान दोनशे वेळा पर्वती चढलो असेन. शाळेची सहल तिथं गेली होती. गुरुजींनी खिडकी दाखवली, पायऱ्या रुंद का तर हत्ती चढावेत म्हणून, हेही सांगितलं. हत्ती लक्षात राहिला. माणसं चढायला निघाली होती आणि त्यांना चढू दिलं नव्हतं, हे गुरुजींना माहीत नव्हतं की सांगायचं नव्हतं, ते आता विचारता येत नाही. घरी विचारावं तर आमच्या घरातही कुणी बोलत नसे. आजोबा १९२९ मध्ये पुण्यात होते, वीस-बावीस वर्षांचे. ते त्या दिवशी कुठे होते, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. विचारायला माहीत तर असायला हवं.

या सत्याग्रहाची एक पाटी पर्वतीवर हवी, असं मी म्हणतो. यावर मला जी उत्तरं मिळतात ती ठरलेली आहेत. पहिलं: आज सगळ्यांना प्रवेश आहे, कुणी जात विचारत नाही, मग जुन्या जखमा कशाला उकरायच्या? इथं मला पानिपत आठवतं. पानिपत ही जखम नाही का? तिची तर आपण दर संक्रांतीला आठवण काढतो, त्यावर व्याख्यानं ठेवतो, पोरांना नेऊन नानासाहेबांनी जिथं प्राण सोडला ती जागा दाखवतो. अडीचशेपेक्षा जास्त वर्षांची जखम अभिमानाने दाखवायची आणि शंभर वर्षांचीही न झालेली झाकायची, यात जखमेचा प्रश्न नसतो. पहिल्या जखमेत आपल्याला मार बसला होता. दुसरीत आपण मारला होता. ‘आपण’ हा शब्द मी जाणून वापरतो आहे, कारण पर्वतीवर अभिमान सांगताना आपण तोच वापरतो.

दुसरं उत्तर जरा हुशार असतं. देवस्थान हे श्रद्धेचं ठिकाण आहे, तिथं चळवळींचा इतिहास कशाला? पण पर्वतीवर पेशव्यांचं संग्रहालय आहेच. खडकीची लढाई सांगितली जाते, ती काय आरती आहे? राजकारण वर नेलं गेलेलंच आहे, फक्त निवडून. आणि खरं तर १९२९ ची गोष्ट या सगळ्यांत जास्त श्रद्धेची आहे. ती माणसं देव मोडायला निघाली नव्हती, त्यांना दर्शन हवं होतं. काशीबाईंच्या कथेत पाय दुखत असूनही देवी पावली. इथं धडधाकट पायांनी आलेल्यांना देवापर्यंत जाऊ दिलं नाही. दोन्ही गोष्टी एकाच पायऱ्यांच्या आहेत आणि एकीशिवाय दुसरी अर्धी राहते.

तिसरा आक्षेप उलट्या बाजूने येतो आणि तो माझे मित्रच घेतात. ते म्हणतात, पर्वती म्हणजे पेशवाईचं प्रतीक, तिच्यावर पाटी लावून तुम्ही तिचीच शोभा वाढवणार. मला हे पटत नाही. नानासाहेबांनी शहराला पाणी दिलं, पेठा वसवल्या, ओढा वळवून पायथ्याशी तळं केलं. त्याच तळ्यातल्या बेटावर पुढं गणपती बसला आणि आज तिथं सारसबाग आहे. हे त्यांचं श्रेय आहे आणि ते त्यांना द्यावं. टेकडी कुणा एकाची करायची आणि मग ती नाकारायची, हा व्यवहार मला दोन्हीकडून तोट्याचा दिसतो. तावऱ्यांची टेकडी पेशव्यांना देऊन टाकायची आपल्याला काही गरज नाही.

‘पाटीने काय होतं?’ हा प्रश्न पुण्यात विचारावा हेच नवल. इथं दुपारी दार वाजवू नये हे आपण पाटीने सांगतो, गाडी लावू नये हे टोमण्यासह सांगतो. जे शहर शेजाऱ्याच्या कुत्र्याला पाटीने वळण लावतं, त्याने इतिहासाच्या बाबतीत अचानक मितभाषी व्हावं, हे माझ्या तरी पचनी पडत नाही.

अजून एक सांगतो, थोडं विषय सोडून. पर्वती म्हणजे फक्त कळस आणि पायऱ्या हा समज उतारावर राहणारी माणसं रोज खोटा पाडतात. टेकडीच्या अंगावर जनता वसाहत आहे, हजारो घरांची. खालून मुठा उजवा कालवा जातो. २७ सप्टेंबर २०१८ ला तो फुटला आणि दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत घरंच्या घरं पाण्यात गेली. पुढच्याच वर्षी, २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री, आंबिल ओढा चढला आणि माणसं वाहून गेली. हा तोच ओढा, ज्याला नानासाहेबांनी शहराबाहेरून वळसा घालायला लावला. आणि १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा जीव वाचवायला पुणेकर ज्या उंच जागांकडे धावले त्यांत पर्वती होती. त्या दिवशी पायऱ्या चढणाऱ्याला कुणी काही विचारलं नसेल. पर्वतीच्या इतिहासात पाण्याची एक अख्खी गोष्ट आहे, कात्रजच्या नळापासून फुटलेल्या कालव्यापर्यंत, आणि ती सांगायला लागलं तर भुयाराची आठवणही होणार नाही. पण ती वेगळ्या लेखाची.

तर मागणी लहान आहे. टेकडीवरच्या कुठल्याही कथेला हात लावू नका. नवस राहू दे, हत्ती राहू देत, खिडकीही राहू दे, फक्त तिथून काय दिसू शकतं ते नीट सांगा. भुयार विचारणाऱ्या मुलाला कात्रजचा नळ सांगा. आणि एक पाटी लावा. ती वर संग्रहालयात नको, तिथवर निम्मे लोक जात नाहीत. देवळाच्या आवारातही नको, तिथं ती फुलांच्या टोपल्यांमागे जाईल. ती खाली हवी, पहिल्या पायरीच्या डाव्या हाताला, जिथं लोक चपला घट्ट करतात आणि मुलं मोजायला सुरुवात करतात. मजकूर फार नको. तारीख, शिवराम जानबा कांबळे आणि राजभोज यांची नावं, सत्याग्रह जानेवारीपर्यंत चालल्याचा एक शब्द, आणि दार उघडलं नव्हतं हे. खाली पायऱ्यांचा आकडा घातला तरी चालेल. १०३ की १०८, ते समितीने ठरवावं.